लायब्ररीबाईंची कवळी

आमच्या गावात ज्यांना स्वतःचे दात नव्हते, त्यांना दातबाईंनी केलेले दात होते. रस्त्यात कुणी म्हातारा भेटून हसला की दातबाई आधी त्याच्या तोंडात बघायच्या आणि मग ओळख द्यायच्या. त्यांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात मात्र जागेवर होते. काही गिऱ्हाइकांना ते बरं वाटत नसे. गोऱ्या माणसाने काळेपणाचं औषध विकावं तसं काहीतरी त्यांना वाटायचं.

दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. एका टोकाला खिडकी, खिडकीखाली कामाचं टेबल, त्यावर बर्नर, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, बारीक कानशी, आणि तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. गावातल्या प्रत्येक बोळक्या तोंडाचा साचा तिथे होता, जिवंत माणसांचे आणि गेलेल्यांचेही. गेलेल्यांचे फेकून द्या, असं डॉक्टर दरवर्षी म्हणायचे. दातबाई दरवर्षी ‘हो’ म्हणायच्या.

या खोलीत त्या पहिल्यांदा आल्या त्या फरशी पुसायला. नवरा गेला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हाचा जुना कारागीर फार तापट होता. एकदा पुसता पुसता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तो चौथा दात उलटा बसलाय.” कारागिराने ओरडायला तोंड उघडलं, मग मेणाकडे बघितलं, मग तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी त्याने टेबलाशेजारी एक जादा स्टूल आणून ठेवलं. सात वर्षांनी तो घरी बसला आणि खोली दातबाईंची झाली.

घरी त्यांच्याबरोबर त्यांची नणंद राहायची. सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे. सिस्टरांचा आवाज असा की भूल दिलेला पेशंटही दचकायचा. बोलायचं काम सिस्टरांचं, ऐकायचं दातबाईंचं. दिवसभर लोकांची तोंडं हाताळणारी ही बाई स्वतःचं तोंड फारसं उघडत नसे.

मी त्यांच्या शेजारी राहायचे आणि पोस्टात रजिस्टर-पार्सलच्या खिडकीवर बसायचे. त्या खिडकीची काच वरून अर्धी रंगवलेली होती. खालच्या फटीतून फक्त हात आत यायचे. सतरा वर्षांत मी गावाला हातांवरूनच ओळखायला शिकले होते. संध्याकाळी सुटले की मी त्यांच्याकडे चहाला जाई. आम्ही तिघी मिळून एका खुनाचा छडा लावू, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर सिस्टर इतक्या मोठ्याने हसल्या असत्या की कप फुटले असते.

लायब्ररीबाईंना नऊ वर्षांपूर्वी दातबाईंनीच पहिली कवळी करून दिली होती. सरळ, एकसारखे, मोत्यासारखे दात. गावातल्या वाचनालयात चाळीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी रोज सकाळी जाऊन बसायच्या, कारण नव्या ग्रंथपालाला पुस्तकं नीट लावता येत नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. बहात्तराव्या वर्षी एक दिवस त्या दातबाईंच्या खोलीत आल्या आणि टेबलावर एक फोटो ठेवला. त्यात विशीतल्या दोन बहिणी हसत होत्या. थोरलीचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता.

“ही मी,” लायब्ररीबाई म्हणाल्या. “हिचे दात करून द्या. नऊ वर्षं झाली, माझ्या आरशात दुसरीच कुणीतरी बाई हसते.”

दातबाईंनी सहा आठवडे ते काम केलं. सुळा किती पुढे घ्यायचा, ओठ किती उचलायचा, यासाठी लायब्ररीबाईंना अकरा वेळा बोलावलं. माप घेण्यासाठी जुन्या खालच्या कवळीची कडही कापली. नवी कवळी बसली तेव्हा लायब्ररीबाईंनी आरसा मांडीवर पालथा घातला आणि नव्या सुळ्यावरून हळूच जीभ फिरवली.

एकच खोट राहिली. ‘स’ आणि ‘श’ म्हणताना बारीक शिट्टी वाजायची. “मी वाचनालयात शांतता म्हणते आणि आधी मीच शिट्टी मारते,” असं त्या सांगत सुटल्या होत्या, आणि दर वेळी स्वतःच हसायच्या. दातबाई म्हणाल्या, आतून थोडं घासावं लागेल, गुरुवारी या.

मंगळवारी लायब्ररीबाई गेल्या.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला घड्याळजींनी शेजाऱ्यांना हाक मारली. घड्याळजी म्हणजे लायब्ररीबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बहीण तीन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. ते वरच्या मजल्यावर राहायचे, लायब्ररीबाई खाली. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मऊ बोलणारा, सभ्य माणूस. पोस्टातलं मोठं घड्याळ ते कधीही काही न घेता दुरुस्त करून द्यायचे. स्वतःच्या झिजलेल्या बारीक कानशी ते दातबाईंना आणून देत. घड्याळाला निरुपयोगी झालेली कानस दाताला अगदी बेताची होते. त्या दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही, पण एकमेकांच्या कामाबद्दल आदर होता.

कुणाच्या घरी असं काही झालं की डॉक्टरच्या आधी सिस्टरांना बोलावणं जाई. सिस्टर दातबाईंना घेऊन निघाल्या, मीही मागोमाग गेले. लायब्ररीबाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या होत्या. मांडीवर पुस्तक, मान जरा कललेली. म्हातारे डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले, कागदावर तसं लिहिलं आणि गेले. सिस्टरांनी केस सारखे केले. दातबाई काहीच न करता समोर उभ्या होत्या. चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणावं लागलं.

कोपऱ्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, “वन्सं, तिच्या तोंडात जुनी कवळी आहे.”

“माणूस गेलंय आणि तुला कवळी सुचतेय, वहिनी?”

“डावा ओठ खाली आलाय. सुळा सरळ आहे.”

“मग असेल घातली जुनी. नवी शिट्टी वाजवत होती ना!”

“खालची कड मी कापलीय. ती आता बसतच नाही. तोंड उघडलं की हातात येते.” दातबाई थांबल्या. “जिवंत माणूस ती घालणार नाही, वन्सं. ती कुणीतरी घातलीय.”

सिस्टरांनी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांची बोलती बंद झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

अंत्यविधीनंतर दोन दिवसांनी घड्याळजींनीच आम्हाला बाईंचे कपडे आवरायला बोलावलं. कपाट, ड्रॉवर, न्हाणीघर, सगळं बघून झालं. नवी कवळी कुठेच नव्हती. ती ठेवायचा काचेचा पेला कोरडा होता. मी खुर्चीची गादी झटकली तेव्हा फटीतून काहीतरी टपकन पडलं. नखाएवढा गुलाबी तुकडा. दातबाईंनी तो उजेडात धरला.

“हे माझं काम आहे,” त्या म्हणाल्या. “नवीतलं.”

“पडून फुटली असेल,” मी म्हटलं.

“मी प्रत्येक कवळी देण्याआधी एकदा फरशीवर पाडून बघते. पडून अशी फुटत नाही. करकचून चावलं आणि चावलेलं कुणी हिसडून काढलं, तर अशी फुटते.”

त्या खोलीत दुपारचं ऊन होतं, बाहेर रस्त्यावर सायकली जात होत्या, आणि तरी हातातली गादी मला परत खुर्चीत ठेववेना. खुर्चीच्या हाताला दोन्हीकडे नखांचे ओरखडे होते. मी आधी ते जुने समजले होते.

आम्ही फौजदारांकडे गेलो. त्यांनी तुकडा टाचणीने इकडे-तिकडे हलवून बघितला. “कवळी फुटली म्हणजे खून? मग माझ्या सासऱ्यांचा दरवर्षी खून होतो,” ते म्हणाले आणि हवालदाराकडे बघून हसले. हवालदारही हसला, कारण त्याची नोकरी होती. सिस्टर दातओठ खात बाहेर आल्या.

गुरुवारपासून दातबाईंचं जेवण उडालं. मला सिस्टरांनीच सांगितलं. कामाच्या खोलीत दुपारी शिट्टी ऐकू येते, असं त्या म्हणत. बारीक, दातांमधून निघालेली. कुणीतरी ‘स’ म्हणायला सुरुवात करावी आणि पुढचं अक्षर सापडू नये, तशी.

“बर्नरचा गॅस असेल गं,” सिस्टर म्हणाल्या.

“बर्नर बंद केला.”

“खिडकीच्या फटीतून वारा.”

“खिडकी बंद केली.”

“मग?”

“ती गुरुवारी येणार होती, वन्सं. तिचं काम राहिलंय.”

मी एकदा मुद्दाम पोस्टाच्या मधल्या सुट्टीत तिथे जाऊन बसले. फळ्यांवरचे पांढरे जबडे अर्धवट उघडे. सगळ्यांना काहीतरी सांगायचंय आणि जीभ कुणालाच नाही. मी दहा मिनिटं बसले. शिट्टी ऐकली असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण दहाव्या मिनिटाला मी उठले आणि दार लोटायचं विसरून पोस्टात परत आले.

रडत बसणं सिस्टरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता. बाई चावली, म्हणजे कुणीतरी चावलेला हात घेऊन गावात फिरतोय. रविवारी सकाळी त्यांनी वाचनालयाच्या ओसरीत टेबल टाकलं आणि पाटी लावली, ‘मोफत मलमपट्टी’. मला जखमा टिपून घ्यायला बसवलं. लोकांना फुकटचं मिळतंय म्हटल्यावर रांग कोपऱ्यापर्यंत गेली. बेकरीवाला दोन्ही कोपरांपर्यंत भाजलेला होता. गुरांच्या डॉक्टरांना त्या आठवड्यात तीन वेगवेगळे प्राणी चावले होते. सिस्टरांनी आनंदाने त्यांचं मनगट धरलं आणि “कुत्रा” म्हणून निराशेने सोडलं. शिंप्याच्या बोटात अर्धी सुई निघाली, तीही त्याला माहीत नसलेली. एक आजोबा तर युद्धातली जखम घेऊन आले. चाळीस वर्षांपूर्वीच ती भरली होती, पण कुणी कधी नीट बघितली नाही अशी त्यांची तक्रार होती. सिस्टरांनी ती नीट बघितली. दुपारपर्यंत बावन्न पट्ट्या झाल्या आणि हाती काही लागलं नाही.

“खुनी माणूस पट्टी बांधून घ्यायला रांगेत उभा राहील कशाला?” मी विचारलं.

“हे तू सकाळी का नाही बोललीस?” सिस्टर माझ्यावरच खेकसल्या.

सोमवारी अकरा वाजता खिडकीच्या फटीतून एक हात आत आला. पांढरी, निमुळती बोटं, स्वच्छ कापलेली नखं. मला तो हात नवा वाटला आणि तरी ओळखीचाही. मग लक्षात आलं. ओळखीचा होता उजवा. हा डावा होता. घड्याळजी स्प्रिंगांचं पार्सल न्यायला आले होते. रजिस्टरवरची त्यांची सही दर वेळी छापल्यासारखी असायची. आज ती पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखी आली.

मी खाली वाकून फटीतून बघितलं. “उजव्याला काय झालं?”

“मोठ्या घड्याळाची स्प्रिंग सुटली,” ते नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले. “लागली जरा. चालायचंच.”

पार्सल घेऊन गेले. मी पुढच्या माणसाचं पाकीट दोनदा वजन केलं आणि दोन्ही वेळा आकडा वाचायचा राहिला.

मधल्या सुट्टीत मी हे सिस्टरांना सांगितलं. त्या त्याच दुपारी स्वतःचं मनगटी घड्याळ घेऊन घड्याळजींच्या दुकानात गेल्या. ते नीट चालत होतं, पण सिस्टरांनी ते दारातच भिंतीवर आपटून बंद पाडलं. आत जाऊन “अहो, हा हात असा कुणी बांधतं का?” म्हणत त्यांनी घड्याळजींचा हात धरला. सिस्टरांनी एकदा हात धरला की तो काढून घेणं म्हाताऱ्यालाच काय, पैलवानालाही जमलं नसतं. त्यांनी पट्टी सोडली, जखम धुतली, नवी पट्टी नीटनेटकी बांधली, चार दिवस पाणी लावू नका म्हणाल्या, आणि सरळ आमच्या पायरीवर येऊन बसल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला शेजारी बसूनही वाकावं लागलं.

“स्प्रिंग एका बाजूने कापते. याला दोन्हीकडून खुणा आहेत. तळहातालाही, पाठीलाही.”

दातबाई दारात उभ्या होत्या. “वरच्या दातांच्या किती?”

“चार.”

“डावीकडची शेवटची जरा पुढे?”

सिस्टरांनी मान वर केली नाही. “पुढे,” त्या म्हणाल्या.

ज्याचं नाव कुणाच्याही मनात आलं नव्हतं तोच माणूस. मला रडू आलं ते लायब्ररीबाईंसाठी की घड्याळजींसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी म्हटलं, आता फौजदारांकडे चला. दातबाई म्हणाल्या, “आधी मी त्यांना विचारते. पण मला चार दिवस लागतील.”

ते चार दिवस त्या खोलीत बसून होत्या. लायब्ररीबाईंचा साचा फळीवरून काढला, फोटो समोर ठेवला आणि फुटलेली कवळी पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली. मेण, मग दात, मग गुलाबी हिरडी. तोच सुळा, त्याच दातावर तितकाच चढलेला. सिस्टर डबा घेऊन जात आणि भरलेला डबा परत आणत. मेलेल्या बाईचे दात कशाला करतेयस, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही. एकदा मी दारातून पाहिलं तर त्या कवळीला हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या आणि उत्तरासाठी थांबल्या होत्या.

शनिवारी सकाळी दहा वाजता त्या घड्याळजींच्या दुकानात गेल्या. सिस्टर आणि मी दारात थांबलो. सिस्टर मुद्दामच दारात उभ्या राहिल्या, कारण त्या उभ्या राहिल्या की दार उरत नसे.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका लहान घड्याळावर वाकले होते. दातबाईंनी रुमाल सोडला आणि त्यांच्यासमोरच्या हिरव्या कापडावर कवळी ठेवली.

त्यांनी मान वळवली. भिंग डोळ्यालाच होतं. त्या भिंगातून त्यांना काय दिसलं असेल, हे मी पुढे किती वेळा मनात आणलंय. चढलेला सुळा, हाताएवढा मोठा. त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला.

“ही तर मी...” ते म्हणाले. “ही मागच्या विहिरीत... ही अख्खी कशी झाली?”

“किती तुकडे होते?” दातबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“तीन,” ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे त्यांना कळलं. भिंग काढून त्यांनी डोळे पुसले. “तिने पाठवलीय का?”

“मी केलीय. खुर्चीतून उठू नका. सांगा.”

त्यांनी सांगितलं. बायको आजारी पडली तेव्हा दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं, कशावरून ते आता कुणालाच आठवत नव्हतं. ताप चढत होता आणि घड्याळजींना गावच्या मनोऱ्यावरचं घड्याळ रविवारच्या आत चालू करून द्यायचं होतं. डॉक्टरला उद्या बोलावू, उद्या बोलावू, असं करत त्यांनी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी घड्याळ चालू झालं आणि बायको गेली. सगळ्यांना त्यांनी सांगितलं की डॉक्टर पहिल्याच दिवशी शहरातून येऊन गेला होता.

बायकोने त्या दोन दिवसांत एक पुस्तक त्यांच्याच हाती खाली बहिणीकडे परत पाठवलं होतं. बहिणीने रागात ते न उघडताच वाचनालयात जमा केलं. तीन वर्षं ते फळीवर होतं. त्या मंगळवारी लायब्ररीबाईंनी ते सहज उघडलं, आणि आत चिठ्ठी निघाली. ताई, ताप उतरत नाही. हे उद्या उद्या करतात. तू वर ये.

“ती माझ्यावर ओरडत होती की स्वतःवर, मला कळत नव्हतं,” घड्याळजी म्हणाले. “मग खिडकीकडे वळली. सगळ्या रस्त्याला सांगते म्हणाली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिला गप्प करायचं होतं. तेवढंच करायचं होतं, बाई.” त्यांनी पट्टीच्या हाताकडे पाहिलं. “ती चावली. मी हात काढला आणि परत ठेवला. परत का ठेवला, ते मला माहीत नाही.”

पुढचं त्यांनी आपणहूनच सांगितलं. तोंड रिकामं दिसतंय म्हणून ड्रॉवरमधली जुनी कवळी त्यांनी घातली. तिला तशी कुणी बघू नये असं त्यांना वाटलं होतं.

दातबाई म्हणाल्या, “चला.”

“बारा वाजता एक माणूस हे घड्याळ न्यायला येईल. तेवढं देतो.”

सिस्टर काहीतरी बोलणार होत्या, पण दातबाईंनी मान हलवली. आम्ही थांबलो. एकट्या डाव्या हाताने त्यांनी ते काम पुरं केलं. माणूस आला, घड्याळ कानाला लावलं, खूश होऊन गेला. मग आम्ही चौघं चौकीपर्यंत चालत गेलो. रस्त्यात दोघांनी घड्याळजींना वेळ विचारली आणि त्यांनी सांगितली. फौजदार टोस्ट खात होते. आम्हाला बघून त्यांनी कपाळाला हात लावला, “आता कुणाची कवळी?” म्हणाले, आणि मग घड्याळजींचा चेहरा बघून उठून उभे राहिले.

विहिरीत तिन्ही तुकडे सापडले. चिठ्ठी घड्याळजींच्या खिशातच होती. सरकारी डॉक्टरांनी हातावरच्या खुणा आणि सुळा जुळवून बघितला. फुटलेली आणि पुन्हा केलेली, दोन्ही कवळ्या पोलिसांकडे जमा झाल्या त्या झाल्याच. पेपरात बातमी आली की फौजदारांच्या चाणाक्ष नजरेतून कवळीचा बारीकसा तुकडाही सुटला नाही. सिस्टरांनी तो पेपर चौकीत नेऊन फौजदारांना मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा. “तुम्हाला सांगता सांगता आमच्या दातांच्या कण्या झाल्या, आणि नजर म्हणे तुमची!” बाजारातल्या शेवटच्या दुकानापर्यंत ते ऐकू गेलं.

घड्याळजींना दहा वर्षांची शिक्षा झाली. गावाने आधी आमचं कौतुक केलं. मग हळूहळू म्हातारी माणसं दातबाईंसमोर तोंड मिटून हसायला लागली. आपल्या तोंडात हिला काय काय दिसत असेल, असं त्यांना वाटत असावं. दातबाईंनी ते मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. शिट्टी थांबली का, असं मी एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, “नाही.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आता ती मला घाबरवत नाही. नुसती असते.” पोस्टातलं मोठं घड्याळ त्या पावसाळ्यात बंद पडलं, आणि ते कुणाकडे न्यावं हे आम्हाला कुणालाच सुचेना.

सहाव्या वर्षी माझ्या खिडकीवर तुरुंगाच्या शिक्क्याचं पार्सल आलं, दातबाईंच्या नावाचं. मी ते स्वतः नेऊन दिलं. आत कापसात गुंडाळलेला वरच्या-खालच्या जबड्याचा साचा होता आणि तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी. कैद्याचे दात काढावे लागले आहेत, तुमच्याकडून कवळी होईल का, कैद्याने तुमचं नाव सांगितलं आहे.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, परत पाठवा, शहरात खूप लोक करतात. सिस्टर तर भडकल्याच. “लाज कशी वाटली नाही त्याला तुझं नाव सांगायला! आणि तू हो म्हणालीस तर मी या घरात पाणी पिणार नाही.”

दातबाईंनी साचा बोटांनी चाचपून बघितला. उजवीकडची हिरडी फार झिजलेली होती. “झोपेत दात आवळत असणार,” त्या म्हणाल्या. “वर्षानुवर्षं.”

त्यांनी ते काम अकरा दिवसांत केलं. मी मधे एकदा गेले होते. खिडकीशी बसून त्या एकेक दात मेणात बसवत होत्या, थोडं मागे होऊन बघत होत्या, काढत होत्या, पुन्हा बसवत होत्या. लायब्ररीबाईंसाठी जितका वेळ घेतला होता तितकाच त्या इथेही घेत होत्या. त्या माणसाबद्दल मनात काय आहे, ते त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. मी विचारलं, “तुम्ही दात धरला नाहीत त्यांच्यावर?” त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, “धरलाय की. पण माणसाला जेवायला लागतं.”

पार्सल मीच वजन करून रवाना केलं. सिस्टर तीन दिवस बोलल्या नाहीत. त्या घरात तीन दिवस शांतता म्हणजे शेजारी विचारायला आले, कुणी आजारी आहे का. पाणी मात्र त्या पीत होत्या, मी पाहिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी चहाला गेले तेव्हा त्या खिडकीशी बाहेर बघत बसल्या होत्या. मधेच कप खाली ठेवून त्यांनी, कुणाकडेच न बघता, विचारलं, “बसली का नीट?”

“कळवलं नाही त्यांनी,” दातबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.